‘येतो’ म्हटल्याशिवाय आत नाही

आमच्या हॉस्पिटलात कुणी कधी जात नसे. सिस्टर जेवायला जात नसे, लिफ्ट वर जात नसे, आणि उन्हाळ्यात दिवसातून चारदा लाईट जायची, पण ती गेली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. "लाईट येणार आहे," असं म्हणायचं. सिस्टर कुठे आहे विचारलं तर "जेवून येणार आहे". झाडू मारणाऱ्या मावशींची सासू खरोखरच वारली तेव्हा त्या रजा मागायला सरांच्या केबिनमध्ये उभ्या राहिल्या आणि खूप विचार करून म्हणाल्या, "सासूबाई आता येणार नाहीत, साहेब."

"बरं झालं की! सुटलात," सर म्हणाले, "मग रजा कशाला?"

नव्या माणसाला वाटायचं, इथल्या सगळ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. परिणाम एकाच डोक्यावर झाला होता आणि ते डोकं सरांचं होतं. बाकीचे आम्ही पगारी.

सर लहान मुलांचे सर्जन. शरणपूर रोडच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं तीन मजली हॉस्पिटल. अंगाने काडी, पँट पार बरगड्यांपर्यंत ओढलेली, आणि डोक्यावर ऑपरेशनची टोपी, जी त्यांच्या पत्नीने नातवाच्या जुन्या चादरीतून शिवलेली. टोपीवर हत्ती, बदकं आणि एक ओळखू न येणारा प्राणी. मी समाजकार्याची पदवी घेऊन तिथे लागले. पाटीवर माझं पद ‘को-ऑर्डिनेटर’ होतं. काम म्हणाल तर थिएटरच्या दारातून आतली बातमी बाहेर आणायची आणि बाहेरची काळजी आत पोहोचवायची. सर मला आकाशवाणी म्हणत. "आकाशवाणीला पाठवा," असं आतून ओरडले की समजायचं, बाहेर कुणीतरी रडतंय.

‘गेला’ या शब्दावर बंदी आली ती माझ्या आधी. हेड सिस्टरने मला पहिल्याच दिवशी ती कथा ऐकवली, सत्यनारायणाच्या पोथीसारखी, मध्ये उठायचं नाही अशा बेताने. एका बाळाच्या जिभेखालचा पडदा सोडवायचा होता. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. बाळाला आत नेलं आणि आई औषधांची पिशवी घेऊन वर आली तर बाकावर बाळ नाही. तिने दारातल्या नव्या सिस्टरला विचारलं, "माझं बाळ कुठंय?" सिस्टर म्हणाली, "बाळ गेलं," आणि दार लावून घेतलं. तिला म्हणायचं होतं, आत गेलं. पुढचं ऐकायला बाई उभी राहिली असती तर ना! ती जी कोसळली ती बाकाच्या कडेवर. समोरचा दात तुटला, ओठ फाटला. पाच मिनिटांनी बाळ हसत बाहेर आलं, तेव्हा आई आत होती.

"पोराला एक टाका नाही आणि आईला तीन!" सर म्हणाले म्हणे. ओठ त्यांनीच शिवला. दुसऱ्या दिवसापासून ‘गेला, गेली, गेलं’ ही तिन्ही लिंगं हद्दपार.

शिक्षा एकच होती. थिएटरच्या दारासमोर तो लोखंडी बाक होता, ज्यावर आईबाप बसतात. शब्द निसटला की दहा मिनिटं त्यावर जाऊन बसायचं. मोबाईल नाही, पेपर नाही, दाराकडे बघायचं. पदाचा मान नाही. आमचे भूलतज्ज्ञ चांगले आडव्या अंगाचे आणि गावात नाव असलेले डॉक्टर, पण एकदा "आजचा अर्धा दिवस गेला राव" म्हणाले आणि गपगुमान बाहेर जाऊन बसले. शेजारी पिंपळगावकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजीने विचारलं, "तुमचं कोण आत हाय, बाबा?"

"कुणी नाही. मीच आतला आहे."

आजीला वाटलं, माणूस दुःखाने भ्रमलाय. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "धीर धरा. लेकरांना देव असतो. खा, घरच्या बागेची हायेत." दहा मिनिटांनी डॉक्टर द्राक्षांनी ओंजळ भरून परत आले आणि दिवसभर विलक्षण हळवे होते.

शब्द काढून टाकले की त्या जागी दुसरे घालावे लागतात. सरांनी जुन्या बायकांची पद्धत उचलली. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा रात्री बंद होत नाही, वाढवतात. मग सर म्हणाले, ‘संपलं’ हा शब्दही अभद्र, आपण ‘वाढलं’ म्हणू. सलाईन वाढलं, चहा वाढला, इथपर्यंत ठीक होतं. पण एका मुलाचं सहावं बोट काढल्यावर मी बाहेर येऊन त्याच्या वडिलांना हसतमुखाने सांगितलं, "तुमच्या मुलाचं ऑपरेशन वाढलं."

वडील मटकन खाली बसले. "किती वाढलं? कुठवर वाढलं?"

"पूर्ण वाढलं," मी म्हणाले.

पुढच्या तासाभरात विंचूरहून त्यांचे भाऊ, मेहुणे, मेहुण्यांचे मित्र असे डझनभर गडी बाह्या सरसावून जिन्यात उभे, रक्त द्यायला. एका बोटासाठी! मुलगा एव्हाना आत बिस्कीट खात होता. सरांनी तो शब्द चहा-सलाईनपुरता ठेवला आणि मला बाकावर पाठवलं. मी म्हटलं, "सर, शब्द तुमचा होता." सर म्हणाले, "शब्द माझा, तोंड तुझं." स्वतः ते त्या बाकावर कधी बसले नव्हते. आम्ही सगळे या गोष्टीची नोंद मनात ठेवून होतो.

समजावण्याचं त्यांना वेड होतं. हर्नियासाठी तर त्यांनी खास एक खिसा ठेवला होता. पँटचा डावा खिसा, त्याला खाली भोक. आईबापांसमोर उभं राहून ते खिशात किल्ली टाकत आणि ती पँटच्या पायातून घरंगळत बुटावर येऊन पडे. "हेच आतड्याचं होतं. किल्ली चांगली आहे, खिसाही चांगला आहे, भोक तेवढं शिवायचं." लोकांना लख्ख कळे. त्यांच्या पत्नी दर आठवड्याला खिसा शिवून टाकत आणि सर दर सोमवारी कात्रीने पुन्हा उसवत. एकदा त्याच खिशातून गाडीची खरी किल्ली हरवली आणि ते आठ दिवस रिक्षाने येत होते, पण दुसरा खिसा वापरायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

ऑपरेशनआधी काही तास मुलाला काही खायला द्यायचं नाही हे सांगायला मला वेगळी शिकवणी होती. ‘उपास’ म्हणायचं नाही, ‘उपाशी’ म्हणायचं. पूर्वी उपास म्हणत, तेव्हा त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींच्या घरून आलेल्या मुलाने भूल द्यायच्या टेबलावर ढेकर दिली होती, साबुदाण्याच्या खिचडीची. गुरुजी म्हणाले, "उपासाला चालते ती." त्यात चूक काय काढणार! आणि कुणी बापाने घाबरून विचारलं की "डॉक्टर, काही भूल होणार नाही ना?", तर सरांचं उत्तर ठरलेलं, "भूल होणार. चूक होणार नाही."

पण सरांचा खरा कायदा दारातला. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. सरांचं म्हणणं, मग इथे का नाही? ट्रॉलीवरचं मूल थिएटरच्या दाराशी आलं की ट्रॉली थांबायची. सर वाकून म्हणायचे, "आईला काय सांगायचं?" मुलगा म्हणायचा, "आई, येतो." मुलगी म्हणायची, "येते." तान्हं असेल तर सरच बारीक आवाज काढून म्हणायचे, "येतो हं आई." आई म्हणायची, "ये." मगच दार उघडायचं. मी कॉलेजात ‘पालकांशी संवाद’ या विषयावर दोन सत्रं शिकले होते, पुष्कळ बाण आणि चौकोन असलेली. त्या सगळ्यात हे ‘ये’ नव्हतं. ते म्हणताना आयांचे खांदे खाली यायचे, मी रोज बघायचे.

चांगल्या गोष्टीचं देवस्थान करायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही. बाकावर कुजबूज सुरू झाली. "इथं पोरानं येतो म्हटलं ना, की पोर हमखास येतं." पुढे तिचं उलटं झालं, "नाही म्हटलं तर मग काही खरं नाही." सर ऐकून चिडायचे, "अहो, येतं ते माझ्या हातामुळे!" पण शब्दांना घाबरायला लोकांना त्यांनीच शिकवलं होतं. आता कुणाला सांगणार?

अशात सटाण्याकडून दादू आला. सहा वर्षांचा, कपाळावर केसांचा भोवरा, नजर थेट. मांडीच्या सांध्यात हर्निया. आठवड्यापूर्वी त्यात आतडं अडकून तो तळमळत आला होता. सरांनी ते हाताने हळूहळू आत सारलं आणि वडिलांना बजावलं, सूज उतरली की लगेच ऑपरेशन करू, पुन्हा अडकलं तर आतडं काळं पडेल. ठरल्या दिवशी आईबाप त्याला घेऊन आले. वडील खाली औषधं आणायला गेले. (लिहिताना चालतं. इथे बाक नाही.) ट्रॉली दाराशी थांबली. आई मागे उभी, पदराचं टोक दातांत धरून. बाकावरच्या बायकांनी तिला सगळं सांगितलेलं होतंच.

सर वाकले. "दादू, आईला काय सांगायचं?"

"येस," दादू म्हणाला.

"शाबास. मग सांग, येतो."

"येस."

"हो रे, कळलं. पण म्हण, येतो."

"येस!" दादू मोठ्याने म्हणाला, जणू सरच बहिरे.

इंग्रजी शाळांनी पोरांची भाषा नासवली हे सरांचं जुनं दुखणं. ते उफाळून आलं. ते ताठ उभे राहिले आणि बोट हलवत म्हणाले, "येस नाही! येस नाही, बाळा. येस नाही!"

दादूच्या आईच्या तोंडातून पदर सुटला. मी आजपर्यंत कुणाचा चेहरा इतक्या पटकन पांढरा पडलेला बघितला नाही. "काय म्हनी ऱ्हायना डाक्टर?" ती किंचाळली, आणि आम्हाला काही उमगायच्या आत तिने ट्रॉलीवरून पोरगं उचललं, खांद्यावर टाकलं आणि जिन्याने सुटली. दादूच्या अंगात मागून उघडा असलेला पिवळा झगा. जिन्याच्या वळणावर आम्हाला शेवटचं दिसलं ते त्याचं ढुंगण.

"अहो ताई! त्याचं आतडं अडकेल!" सर ओरडले आणि मागे धावले. मी सरांच्या मागे. खाली ती रिक्षात बसलेली, रिक्षा सीबीएसच्या, म्हणजे एसटी स्टँडच्या दिशेने. सर माझ्या स्कुटीवर मागे बसले, हिरव्या कपड्यांत, पायात थिएटरच्या रबरी चपला. सिग्नलला हवालदाराने अडवलं. "हेल्मेट?" सरांनी गंभीरपणे हत्ती-बदकांच्या टोपीला हात लावला. हवालदाराने टोपी पाहिली, मग मला पाहिलं आणि का कोण जाणे, वाट करून दिली.

इकडे वडील औषधं घेऊन वर आले, तर ट्रॉली रिकामी. "पोरगं कुठंय? त्याची आई कुठंय?" हेड सिस्टर तोंडावर आलेला शब्द गिळून म्हणाली, "येणार आहेत." "कुठून?" सिस्टरने फार प्रयत्न केला म्हणे, पण त्या एका क्रियापदाशिवाय तिला ती हकिगत सांगता येईना.

सटाण्याची बस लागलेली होती. दादूची आई मागच्या सीटवर पोराला पोटाशी धरून रडत होती. सर बसमध्ये चढले तशी सगळी बस वळून बघायला लागली.

"ताई, माझं ऐका. पोरगं सारखं येस म्हणत होतं, मी एवढंच म्हणत होतो की येस नाही..."

आईने असा हंबरडा फोडला की कंडक्टरने बेल मारली.

"काय जयं व, माय?" पुढच्या सीटवरच्या पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्या बाबांनी तिला विचारलं. ती हुंदके देत म्हणाली, "डाक्टर म्हनी ऱ्हायना, मन्हा पोऱ्या येस नही!"

बाबांनी सरांकडे बघितलं. सरांनी बाबांकडे. मग बाबा हसायला लागले, इतके की टोपी काढून त्यांना डोळे पुसावे लागले. "डाक्टरसाहेब, पोऱ्या बरोबरच म्हनत होता. आमच्या अहिरानीत ‘मी येस’ म्हंजे मी येतो."

"म्हणजे तो... येतोच म्हणत होता?"

"दुसरं काय म्हनंल तो!"

"आणि मी म्हणालो, येस नाही..."

"म्हंजे येत नाही. पोऱ्या काही परत येत नाही, असं बोल्ले तुमी."

"तीनदा," मी म्हणाले.

सर बसच्या पायरीवर बसले. वीस वर्षं ज्या माणसाने शब्दांवर पहारा ठेवला, सासूबाईंनासुद्धा जाऊ दिलं नाही, त्याने थिएटरच्या दारात उभं राहून, एका आईच्या तोंडावर, जगातलं सगळ्यात अभद्र वाक्य बोट हलवून तीनदा म्हटलं होतं. ते उठले, दादूच्या आईसमोर गेले आणि भरल्या बसमध्ये दोन्ही कान धरले. "चुकलं माझं, ताई. मला तुमची भाषा येत नाही. येस आहे. येसच आहे." मग दादूला म्हणाले, "म्हण राजा, काय म्हणायचं ते म्हण."

दादूने तोंड फिरवलं. "नही."

आता आली पंचाईत. आई पदराने डोळे पुसत त्याच्याकडे बघत होती, पण उठत नव्हती. पोराने म्हटल्याशिवाय ती त्याला त्या दारातून नेणार नव्हती, हे बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत कळलं होतं. बाबा म्हणाले, "म्हन ना रे भाऊ." एका बाईने राजगिऱ्याचा लाडू पुढे केला. सर किंचाळले, "उपाशी! उपाशी ठेवायचाय त्याला!" कंडक्टर म्हणाला, "पोरा, गाडी सुटायचा टाइम झाला, म्हन लवकर." दादू सगळ्यांकडे बघत राहिला. शेवटी सरांकडे बोट करून म्हणाला, "पहिले तू म्हन."

"येस," सर म्हणाले.

"जोरात."

"येस!" सर असे ओरडले की फलाटावरचे लोक खिडकीशी आले.

दादूने विचार केला, आईकडे वळला आणि म्हणाला, "येस."

"ये, मन्हा राजा," आई म्हणाली, आणि उठली. बसने टाळ्या वाजवल्या.

परत आल्यावर सरांनी कुणाला काही म्हणायची संधी दिली नाही. "आधी बाक," ते म्हणाले आणि दादूच्या आईशेजारी जाऊन बसले. जिन्यातून, लिफ्टमधून सगळा स्टाफ बघायला जमला होता. किती वर्षं वाट पाहिली होती आम्ही या दिवसाची! पण पाचएक मिनिटांनी आमची मजा ओसरली. दाराला धुरकट काचेची गोल खिडकी आहे. पलीकडून कुणी चाललं की नुसती सावली हलते. सावली हलली की सर अर्धे उठत होते, आणि शेजारी ती आईही. दोघं पुन्हा बसत होते. मुलगा तर अजून मांडीवरच होता!

"इथून काहीच दिसत नाही की हो," सर हळूच म्हणाले.

"नाय ना," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला नवा हुकूम झाला. दर थोड्या वेळाने बाहेर जायचं. "सांगण्यासारखं काही नसलं तर?" मी विचारलं. "तर तेच सांग. म्हण, अजून सांगण्यासारखं काही नाही, चाललंय नीट." मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. पण काही नाही हे ऐकूनसुद्धा माणसं पाणी प्यायला उठतात, घरी फोन करतात, एखादी तर चक्क हसते.

दादूचं ऑपरेशन करून सर स्वतः बाहेर आले. मास्क खाली ओढला आणि दादूच्या आईला एकच शब्द म्हणाले, "आला." तिने त्यांच्या पायाला हात लावला. सरांना पाया पडलेलं आवडत नसे. त्या दिवशी त्यांनी पडू दिलं.

पुढे ते प्रत्येक आईला आधी विचारून घेत, "तुमच्या घरी येतो कसं म्हणतात?" आमच्या दारात मग सुरगाण्याकडचं ‘येतो’ झालं, मालेगावच्या बायकांचं उर्दू झालं, सिन्नरच्या कारखान्यातल्या एका बिहारी बापाचं झालं. सर पाठ करत आणि सगळ्यांचे उच्चार सारखेच वाईट करत. डाळिंबाची एक पेटी दरवर्षी सटाण्याहून येई. सर प्रत्येक डाळिंब सोलताना म्हणत, "येस आहे."

मग त्यांचे गुडघे बोलायला लागले, हात थोडा कापायला लागला आणि मुलीने ऑस्ट्रेलियातून हट्ट धरला. घर विकलं, हॉस्पिटल त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या नव्या सरांकडे आलं. शेवटच्या दिवशी सत्कार नको, केक नको. सगळे वॉर्ड फिरले, एका पोराचं पांघरूण सारखं केलं, खिशातली किल्ली दोनदा बुटावर पाडली आणि लिफ्टशी आले. मी मुद्दाम म्हटलं, "सर, काय म्हणायचं असतं?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "परत यायचं नसेल तर तो शब्द वापरू नये, आकाशवाणी. मी इतक्या आयांना तो खरा करून दाखवलाय. आता शेवटी खोटा कुठे करू?" लिफ्टचं दार बंद झालं. लिफ्ट खाली गेली. गेली म्हणजे गेलीच.

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ‘येतो’ काढून घेतलं आणि आमच्या वेळी हिशोब खरेपणाचा!

त्यानंतर काही महिन्यांनी फोन वाजला. दादूची आई. "डाळिंबं पाठवतेय ताई. सर हायेत ना?" समोर तीन माणसं उभी, एक पोरगं भोकाड पसरलेलं. मी घाईत म्हणाले, "नाही हो, सर गेले," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टेम्पो शिरला. त्यात दादूची आई, वडील, उंच झालेला दादू आणि गावातली पंधरा-वीस माणसं. झेंडूचा मोठा हार. बायका रडतच जिना चढल्या. खुर्चीवर सरांचा फोटो ठेवावा आणि दर्शन घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, ते ऑस्ट्रेलियाला गेलेत! मुलीकडे!" कुणी विश्वास ठेवेना. म्हातारी माणसं देवाघरी गेली की लहान मुलांना असंच काहीतरी सांगतात.

मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सर आले, बनियनवर, डोक्यावर तीच टोपी. त्यांनी गर्दी पाहिली, हार पाहिला. "हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, सर."

"कोण काय बोललं?"

"मी. सर गेले, असं."

"बाक!" सर ऑस्ट्रेलियातून ओरडले, आणि रडणाऱ्या बायका एकदम हसायला लागल्या. दादूची आई तेवढी हसली नाही. तिने फोन माझ्या हातातून घेतला. "सायेब, तुमी येतो न म्हनताच गेले? माझ्या पोराला भरल्या बसमधी म्हनायला लावलं, आन तुमी?"

सर म्हणाले, "कसं म्हणू, ताई? आता इथंच राहायचंय. खोटं होईल ते."

दादूने आईच्या खांद्यावरून मान पुढे काढली. आवाज फुटायला आलेला होता त्याचा. "मग आमचावाला ‘येतो’ म्हना ना, डाक्टर. तो खोटा नाय होत, नाय आले तं इंग्रजी समजू. हवं तं पहिले मी म्हनतो."

"तू कुठे येणार रे?"

"येस," दादू म्हणाला.

सरांनी टोपी काढली. तिच्यानेच डोळे पुसले. बदकं ओली झाली असतील. मग फोनच्या अगदी जवळ येऊन, त्या जुन्या वाईट उच्चारात ते म्हणाले, "येस."

"सर, हे कुठल्या भाषेतलं?" मी विचारलं. उत्तर यायच्या आत पडदा थिजला. सर तोंड उघडं ठेवून तसेच राहिले.

"काय जयं?" दादूच्या आईने विचारलं.

"नेट..." मी म्हणाले आणि थांबले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "नेट येणार आहे."

मग मी बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने दादूची आई शेजारी येऊन बसली, हार मांडीवर घेऊन. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण आम्ही दोघी दाराकडे बघत बसून राहिलो.